नागपूर, बारा ते चार

विमानतळ किंवा त्याचा एखादा भाग बांधायच्या आधी आम्ही तो संगणकावर बांधतो. त्यावर खोटी विमानं उतरवतो, खोटे ट्रक फिरवतो, अख्खं वर्ष पाच मिनिटांत पळवतो आणि गर्दी कुठे तुंबते ते मालकाला सांगतो. सिमेंट ओतल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, म्हणून लोक आम्हाला बोलावतात. पुण्यात आमची चौदा जणांची कंपनी आहे. तिथे एकोणीस वर्षं मी दुसऱ्या क्रमांकावर होते. फेब्रुवारीत कंपनी उभी करणारे कर्णिक सर निवृत्त झाले, त्यांची खोली मला मिळाली आणि दारावर माझ्या नावाची पाटी लागली. माझी आई मात्र कोल्हापुरात शेजारणींना अजूनही एवढंच सांगते की आमची पद्मा विमानतळावर असते.

प्रमुख झाल्यावरचा माझा पहिला कामाचा प्रवास नागपूरचा होता, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. नागपुरात एक खासगी कंपनी शहराच्या दक्षिणेला मालवाहू विमानांसाठी मोठा तळ उभारणार होती. किती विमानं एका वेळी उभी राहतील एवढी जागा लागेल, माणसं किती लागतील, ट्रकचा रस्ता कुठून काढावा, हे आम्ही तीन महिने खपून शोधलं होतं. अहवाल छापून तयार होता आणि शुक्रवारी तो त्यांच्या संचालकांपुढे मांडायचा होता. काम आवडलं तर याच्या चौपट मोठा दुसरा टप्पाही आम्हालाच मिळेल, असं त्यांनी सूचित केलं होतं. म्हणजे मला जायचं होतं, बोलायचं होतं आणि टाळ्या घेऊन परतायचं होतं. तरी मी पाच दिवस आधी निघाले, कारण नागपूर मी कधी धड पाहिलंच नव्हतं.

रविवार, सक्करदरा

माझ्याबरोबर मृणाल पराते होती. वय चौतीस, आमच्या कंपनीतली सगळ्यात हुशार मॉडेल बांधणारी, आणि हे मॉडेल तिनेच बांधलेलं. ती मूळची नागपूरची, सक्करदऱ्याची. अठराव्या वर्षी शिकायला पुण्याला आली ती तिकडेच राहिली. माझी सोय सीताबर्डीतल्या एका हॉटेलात होती, पण पहिल्या दिवशी जेवायला घरीच यायचं, असं तिच्या आईने फोनवर मला बजावलं होतं.

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि कोणीतरी भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. कोल्हापुरात ऊन लागतं ते डोक्याला. इथे ते खालून, वरून, भिंतीतून, रिक्षाच्या दांड्यातून, सगळीकडून येतं. रस्त्यावरच्या स्कूटरवाल्या मुलींनी तोंडाला दुपट्टे असे गुंडाळले होते की फक्त गॉगल दिसत होते. मृणालने पर्समधून दोन दुपट्टे काढले आणि त्यातला एक मला न विचारता माझ्या डोक्याला बांधला.

परात्यांचं घर तलावापासून दोन गल्ल्या आत आहे. खिडकीत लोखंडी कूलर, त्याच्या वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपत होतं आणि खोलीभर ओल्या गवताचा वास होता. मृणालचे वडील दारातच उभे होते. गांधीबागेत त्यांचं कापडाचं ठोक दुकान आहे. काका म्हणावं की भाऊ, या विचारात मी असतानाच शेजारी कोणीतरी त्यांना परातेजी म्हणून हाक मारली. इथे आडनावाला जी लावला की प्रश्न मिटतो. मीही तेच उचललं.

जेवायला पाटोडी-रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा होता, आणि मातीच्या उपड्या मडक्यावर भाजलेल्या, पंज्याहून मोठ्या, कागदासारख्या पातळ पोळ्या. आम्ही कोल्हापूरवाले तिखटाबाबत कोणाला मोजत नाही, म्हणून मी पहिला घास बेफिकिरीने घेतला. आमचं तिखट जिभेवर येतं आणि जातं. हे घशात उतरून तिथेच बसलं. मृणालच्या आईने, शोभावहिनींनी, विचारलं, "सांबार टाकू का वरून?" मला वाटलं इडलीबरोबरचं सांबार. पाटोडीवर सांबार कशाला, म्हणून मी घाईने नको म्हटलं. मग मृणालने हसत हसत सांगितलं की इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी मुठीने टाकून घेतली.

जेवताना परातेजींनी मला पोरीच्या कामाबद्दल विचारलं. दहा वर्षं ती नोकरी करते आहे, पण ती नेमकं करते काय, हे त्यांना नीट उमगलं नव्हतं. मी ताटातल्या पोळीचे तुकडे करून त्यांना दाखवलं : हे विमान, हे त्यातला माल उतरवणारे, हा ट्रक. एक उशिरा आला की पुढचं सगळं कसं सरकतं, आणि मृणाल ते आधी कसं पकडते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, "मंग या कामात बाई मोठी साहेब होऊ शकते का?" शोभावहिनी म्हणाल्या की समोर बसली आहे ती कोण मग. ते ओशाळून हसले. पण प्रश्न खरा होता. मी सुरुवात केली तेव्हा धावपट्टीवर मोजमापाला गेले की अधिकारी माझ्यामागे इंजिनीयर साहेब कुठे आहेत ते बघायचे. मी त्यांना तेही सांगितलं. मृणाल पोळी मोडत ऐकत होती.

सोमवार, तळाच्या जागेवर

सकाळी सातलाच जागेवर पोचलो. ज्या कंपनीचं काम होतं तिचे प्रकल्प प्रमुख डोंगरे साहेब आम्हाला जीपमधून फिरवत होते. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा, कमी बोलणारा माणूस. सध्या तिथे एका जुन्या छोट्या डांबरी पट्ट्यावर दिवसाला एखादं मालवाहू विमान येऊन उभं राहतं. उरलेलं सगळं मोकळं रान, पळसाची झाडं आणि चुन्याने आखलेल्या रेघा. जे तीन महिने पडद्यावर चौकोन म्हणून पाहिलं होतं, ते प्रत्यक्ष बघताना मला फार बरं वाटत होतं. इथे तीन विमानं उभी राहतील, इथून ट्रक शिरेल, तिथून बाहेर पडेल. मी हात करून दाखवत होते आणि डोंगरे मान डोलवत होते.

तीन विमानांपुरती जागा पुरेल, हा आमच्या अहवालाचा गाभा होता. चौथ्या जागेची गरज नाही असं आम्ही सांगणार होतो आणि त्यामुळे त्यांचं बरंच बांधकाम वाचणार होतं. डोंगरे निरोप घेताना म्हणाले की संचालकांना हेच ऐकायचं आहे. साडेनऊला परत निघालो तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. त्याचं मला काहीच वाटलं नाही, कारण जीपला एसी होता.

मंगळवार, गांधीबाग

मंगळवारी आम्हाला काम नव्हतं. परातेजींनी दुकान बघायला बोलावलं होतं. मला आईसाठी साडीही घ्यायची होती. गांधीबागेच्या गल्ल्या अरुंद, दोन्हीकडे कापडाची दुकानं, वर एकमेकांना टेकलेल्या ताडपत्र्या. पुण्यात दुकानदार आपल्याला साडी दाखवतो. इथे तो आधी पाणी देतो, मग पन्हं देतो, कुठून आलात, किती भावंडं, सगळं विचारतो, आणि साडीचं आपणच काढावं लागतं.

आम्ही पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. गल्लीच्या तोंडाशी एक ट्रक उभा होता, कापडाच्या गाठींनी भरलेला. ताडपत्री अर्धी काढलेली. आणि सात-आठ हमाल समोरच्या दुकानाच्या पायऱ्यांवर, सावलीत, डोक्याखाली मुंडासं घेऊन झोपले होते. मी तासभर बसले, साडी घेतली, पन्ह्याचा दुसरा पेला संपवला. ट्रक तसाच आणि हमालही तसेच. शेवटी मी परातेजींना विचारलं की काही भांडण वगैरे झालंय का.

"नाही, बापा," ते म्हणाले. "उन्हाळ्यात बारा ते चार गाठीले हात लागत नाही. सकाळी सहाले सुरू होते, मंग चार वाजल्यानंतर."

मी म्हटलं, पण ट्रकवाला चार तास थांबतो?

"थांबते ना. त्याले माहीत आहे."

हमालांचा मुकादम शालिकभाऊ दुकानाच्या ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. साठीचा, सडपातळ, खांद्यावर गाठीच्या दोराचा वळ कायमचा उमटलेला. मी त्याला विचारलं की जोर लावून दुपारी काम केलं तर होणारच नाही का. त्याने आधी परातेजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"होते ना, मॅडम. पह्यला ट्रक होते," तो म्हणाला. "दुसऱ्या ट्रकले माणूस पडते."

मी मृणालकडे बघितलं. तिच्या हातातला पेला तसाच राहिला होता. आम्हा दोघींना एकाच क्षणी एकच गोष्ट आठवली होती. विमान रिकामं करून पुन्हा भरायला किती वेळ लागतो, याची मोजणी आमच्या माणसांनी जागेवर उभं राहून केली होती, पण जानेवारीत. सकाळच्या कोवळ्या उन्हात, अंगात स्वेटर असताना. तोच आकडा आम्ही मॉडेलमध्ये वर्षाच्या सगळ्या दिवसांना, सगळ्या तासांना लावला होता. तापलेल्या हवेत विमान कमी वजन घेऊन उडतं, हे आम्ही नीट धरलं होतं. ते पुस्तकात असतं. माल उचलणारा माणूस बारा ते चार काय करतो, हे कोणी धरलं नव्हतं.

परातेजी काहीतरी सांगत होते, पण माझं लक्ष राहिलं नाही. आमच्या गप्प बसण्याने ते गोंधळले. घाईने निरोप घेऊन आम्ही रिक्षात बसलो.

"मॅडम, मी इथे वाढले," मृणाल म्हणाली. "बाहेरच्या कोणाला हे माहीत नसतं तर चाललं असतं. मला माहीत असायला हवं होतं."

मी तिला सांगितलं की तो आकडा मीही तीनदा वाचला होता आणि खाली सही केली होती. हे समजूत घालायला बोलले नव्हते. खरंच तसं होतं. पण त्या वेळी मला तिच्या वाईट वाटण्यापेक्षा एकच गोष्ट हवी होती : प्रत्यक्ष मोजमाप.

बुधवार, डांबरावर

डोंगऱ्यांच्या कार्यालयातून परवानगी काढली, पिवळी जाकिटं घातली आणि दुपारी एकला त्या जुन्या पट्ट्यावर जाऊन उभ्या राहिलो. विमान सव्वाला आलं. उतरवणारे नऊ जण होते. त्यांच्या प्रमुखाला आम्ही सांगितलं की आम्ही काही तपासायला आलेलो नाही, रोज करता तसंच करा.

मृणाल घड्याळ बघत होती आणि मी लिहीत होते. पहिली पंधरा मिनिटं जानेवारीसारखीच गेली. मी मनातल्या मनात म्हटलं सुद्धा, की बघ, उगाच घाबरलो. मग दोघे सावलीला गेले. ते परत येईपर्यंत दुसरे दोघे गेले. लोखंडी पेटाऱ्याच्या कडा धरायला त्यांनी गोणपाटाचे तुकडे ठेवले होते, तरी एकाने हात झटकून पेटारा सोडला. डांबरावरून वाफ दिसत होती. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यात यायच्या आत वाळत होता, आणि म्हणून मला वाटत होतं की मला घामच येत नाही.

चाळीस मिनिटांनी मी एक पाऊल पुढे टाकलं आणि माझ्या उजव्या बुटाचा तळ जागेवरच राहिला. पुण्यातल्या चांगल्या दुकानातले बूट, पण डिंक वितळला होता. मी एका पायावर उभी, दुसरा पाय मोज्यात, आणि खाली टेकवायची सोय नाही. त्या नऊ जणांपैकी एकाने धावत येऊन गोणपाट टाकलं. दुसऱ्याने बुटाचा तळ उचलून पाहिला आणि गंभीरपणे सांगितलं की हा बूट इथला नाही. मृणाल हसली. मंगळवारपासून पहिल्यांदाच. मीही हसले आणि उरलेला वेळ गोणपाटावर उभी राहिले.

विमान भरून निघालं तेव्हा मोजमाप पूर्ण झालं. जानेवारीतल्या वेळेच्या जवळपास दुप्पट. आणि हे एकच विमान होतं. आमच्या नियोजनात दुपारी चार तासांत सहा येणार होती.

संध्याकाळी सीताबर्डीत मृणालने मला तळाला शिवण असलेल्या चपला घेऊन दिल्या. दुकानदाराने तुटका बूट बघून विचारलं, काहून मॅडम, डांबरावर चालल्या का? त्यालाही ते कळत होतं.

गुरुवार, हॉटेलची खोली

सकाळपासून मृणाल संगणकापुढे होती. बुधवारची वेळ मे आणि एप्रिलच्या दुपारांना लावून तिने अख्खं वर्ष पळवलं. पडद्यावर दोन वाजल्यापासून छोटे निळे चौकोन रांगेत थांबायला लागले, संध्याकाळी सहाला रांग आखलेल्या रेषेबाहेर गेली. तीन जागा पुरत नव्हत्या. कदाचित चार पुरल्या असत्या. कदाचित तीनच ठेवून, सावलीला छत घालून आणि पाळ्यांच्या वेळा बदलून भागलं असतं. एका दुपारच्या मोजणीवर ते सांगता येत नव्हतं. म्हणजे खरं उत्तर एवढंच होतं की आम्हाला उत्तर माहीत नाही.

मी कर्णिक सरांना फोन लावला. ते बागेत होते. लिंबाच्या झाडाला कीड लागलीय म्हणाले, त्यावर काय फवारलं ते सांगितलं, नागपुरात ऊन कसं आहे विचारलं. मी म्हटलं, कडक आहे. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मला त्यांना काही विचारायचंच नव्हतं. उद्या काय सांगायचं ते माझं ठरलेलं होतं. फोन ठेवला तेव्हा मला हलकं वाटलं.

मृणालने मात्र वेगळंच ठरवलं होतं. तिने संगणक बंद केला आणि सरळ बसून म्हणाली, "मॅडम, उद्या माझं नाव घेऊन सांगा. मॉडेल माझं होतं, चूक माझी आहे. कंपनीचं नाव तरी वाचेल. मी पुण्यात गेल्यावर राजीनामा देते."

मी तिला म्हटलं, "सही माझी आहे. उद्या पहिली पाच मिनिटं मी बोलणार. नंतर रांग का लागते ते तू दाखवायचंस, कारण ते तुझ्याइतकं कोणालाच येत नाही. आणि राजीनाम्याचं पुन्हा काढू नकोस, मला वेळ नाही त्याला."

मग उठून तिने संगणक पुन्हा सुरू केला.

शुक्रवार, बैठक

लांब टेबल, सहा संचालक, मध्ये डोंगरे. छापलेला अहवाल प्रत्येकाच्या पुढ्यात होता. मी उभी राहिले आणि सांगितलं की त्यातली सत्तावीस ते चाळीस ही पानं कृपा करून बाजूला ठेवा, ती चुकीची आहेत. मग का चुकीची ते सांगितलं. जानेवारीतली मोजणी, गांधीबागेतला ट्रक, बुधवारची दुपार. काही लपवलं नाही आणि काही रंगवलंही नाही.

डोंगरे बराच वेळ पेन उलटसुलट करत राहिले.

"म्हणजे तीन महिने काम करून तुम्हाला आत्ता कळलं," ते म्हणाले, "की नागपुरात उन्हाळा असतो?"

"हो," मी म्हणाले. "मंगळवारी कळलं."

टेबलाच्या टोकाला कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. डोंगरे हसले नाहीत. नकाशे पुढच्या आठवड्यात ठेकेदाराकडे जाणार होते, त्याचं काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की रस्ता, गोदाम आणि कुंपण यांना धक्का नाही, ते पाठवा. फक्त विमानांच्या जागा आणि माणसांच्या पाळ्या थांबवा. मे महिन्याचे तीन आठवडे आम्हाला द्या, आम्ही रोज दुपारी मोजू.

मग मृणाल उठली. तिने निळे चौकोन पळवले आणि रांग बाहेर जाताना जिथे गेली तिथे थांबवली. एका वयस्क संचालकाने विचारलं की माणसं दुप्पट घेतली तर होणार नाही का. मृणालने त्याला त्याच्याच बोलीत उत्तर दिलं, "नाही होत, सर. माणसं दुप्पट केली तरी सावली तेवढीच राह्यते. सावलीच नाही तं माणूस उभा कुठी राहीन?" तो माणूस मागे टेकला आणि त्याने तिचं म्हणणं लिहून घेतलं. त्यानंतरचा अर्धा तास सगळे प्रश्न तिलाच आले. मी बसून ऐकत होते. आमच्या धंद्यात प्रमुख व्हायला काय लागतं, असं मला मुलाखतींत नवी मुलं विचारतात. गणित लागतं, संगणक लागतो, हे मी सांगतेच. त्या अर्ध्या तासात मला समोर जे दिसत होतं, ते सांगायला मला अजून शब्द सापडलेले नाहीत, पण माझ्यानंतर ती खोली कोणाला द्यायची ते तिथे ठरलं.

शेवटी डोंगरे म्हणाले की मे महिना घ्या, पण तुमचं सगळं मॉडेल मी बाहेरच्या दुसऱ्या कंपनीकडून तपासून घेणार. मी म्हटलं, सगळ्या फायली आम्ही आजच देतो. दुसऱ्या टप्प्याचं आत्ता काही बोलू नका, असं त्यांनी दारात सांगितलं. मीही ते काढलं नाही.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, कारण हे मी लिहिते आहे तेव्हा पावसाळा सुरू झालाय. मृणाल मे महिनाभर नागपुरात राहिली. चौथी जागा लागलीच, आणि दोन जागांवर उंच छत. आमच्या सगळ्या नव्या आकड्यांची दुसऱ्या कंपनीने उलटतपासणी केली आणि ते मान्य केले. दुसऱ्या टप्प्यासाठी डोंगऱ्यांनी आमच्याबरोबर त्यांनाही बोलावलं आहे. तो मिळेल की नाही, मला माहीत नाही. मिळवायला मी मृणालला पाठवणार आहे.

शनिवार, विमानतळाच्या रस्त्यावर

शनिवारी सकाळी मृणाल मोजणीच्या परवान्यासाठी जागेवर गेली होती आणि मी एकटीच परतत होते. परातेजी सोडायला आले, त्यांच्या जुन्या व्हॅनमधून. शोभावहिनींनी पुडाच्या, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या, वड्या बांधून दिल्या होत्या आणि डब्यावर दोनदा कापड गुंडाळलं होतं. नेहमी बोलका असलेला हा माणूस निघाल्यापासून गप्प होता. दोनदा त्यांनी घसा साफ केला.

"मॅडम, एक विचारू का?" शेवटी ते म्हणाले. "मंगळवारी दुकानात मी जास्त बोललो का?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं. मंगळवारपासून पोरगी घरात नीट जेवली नव्हती. विचारलं तर काही सांगत नव्हती. तिची आई त्यांना म्हणत होती की तुमाले काय गरज होती बोलाची. "मले वाटून राह्यलं," ते म्हणाले, "का माझ्या बोलण्यानं तिच्या नोकरीवर आलं. शालिकलेही मी रागावलो. तो म्हणे, मी तं खरं सांगितलं."

चार दिवस हा माणूस हे मनात घेऊन दुकान उघडत होता आणि आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी त्यांना गाडी बाजूला घ्यायला सांगितली. एका कडुनिंबाखाली त्यांनी ती उभी केली. मग मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. तुम्ही आणि शालिकभाऊ बोलला नसतात तर काय बांधलं गेलं असतं, पहिल्याच उन्हाळ्यात तिथे काय झालं असतं, डांबरावर कोण पडलं असतं. आणि मृणालने काल त्या टेबलावर काय केलं. या कामाची प्रमुख आता ती आहे, हे तिला मी कालच सांगितलं होतं. तिने घरी सांगितलं नव्हतं.

त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढले. रुमालाने चष्मा पुसला. मग गाडी सुरू केली. विमानतळाची कमान दिसायला लागली तेव्हा त्यांनी वेग कमी केला.

"मंग अजून एक सांगू का?" ते म्हणाले. त्यांचा आवाज आता दुकानातला झाला होता. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. शहराचे रस्ते बंद राह्यतात, अन् त्या दिवशी तुमाले कामाले एक माणूस भेटत नाही. ते लावलं का मॉडेलमध्ये?"

आम्ही ते लावलं नव्हतं. मी पर्समधून वही काढली आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला सांगितलं.